माल भरला की वायफाय का बसतं?

या खेपेला वायफायवरची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न आहे : आमचं वायफाय आता पुरत नाही का, आणि नसेल तर सगळं बदलायचं का? दुकानं, गोदामं, दवाखाने यांच्या जोडण्या करणं हेच माझं काम आहे. त्या आधारावर सांगते की हे ठरवायला नव्या यंत्राचं माहितीपत्रक उपयोगाचं नाही. जिथे काम चालतं तिथे, आणि ज्या वेळी ते सर्वात जास्त चालतं त्या वेळी, मोजून बघावं लागतं. पहिलं पत्र याचाच नमुना आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : ताई, तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. चार चेंबर, मधे बोळ, पुढे वजनकाटा आणि ऑफिस. २०१९ साली वायफाय बसवलं तेव्हा ते फक्त ऑफिसपुरतं आणि सौद्याला येणाऱ्या व्यापाऱ्यांपुरतं होतं. आता प्रत्येक बॉक्सवर बारकोड आहे आणि पोरं चेंबरमध्ये स्कॅनर घेऊन फिरतात. जानेवारीत सगळं सुरळीत होतं. एप्रिल उजाडला की स्कॅनर अडकतात, पोरं नोंद करायला दारापर्यंत येतात, बाहेर गाडी खोळंबते. विक्रेता म्हणतो, जुनं सगळं काढा आणि वायफाय ७ बसवा. आकडा दीड लाखाच्या पुढे जातोय. खरंच गरज आहे का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ‘जानेवारीत सुरळीत होतं’ हे आहे. जानेवारी ते एप्रिलमध्ये यंत्रं बदलली नाहीत, माल बदलला. रिकामं चेंबर आणि छतापर्यंत थप्प्या लागलेलं चेंबर या वायफायच्या दृष्टीने दोन वेगळ्या इमारती आहेत. बेदाणा सुका म्हटला तरी त्यात ओलावा असतो, आणि ओलावा या लहरी शोषून घेतो. रिकाम्या चेंबरमध्ये त्याच लहरी पत्र्यावर आपटत, परतत कोपऱ्यापर्यंत पोचतात. थप्प्या लागल्या की मधल्या अरुंद गल्ल्यांत त्यांना वाटच उरत नाही.

त्यात तुमच्या भिंती. पफ पॅनेलच्या, म्हणजे मधे फोम भरलेल्या भिंतीच्या, दोन्ही अंगांना पोलादी पत्रा असतो. म्हणजे दार लावल्यावर चेंबर ही एक बंद पत्र्याची पेटीच झाली. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय हवेत सोडणारं यंत्र, बाहेर बोळात असेल (तुम्ही तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण ऑफिससाठी केलेल्या जोडणीत तो तिथेच असतो), तर आत जे काही पोचतं ते दाराच्या फटीतून आणि उघड्या दारातून. वायफाय ७ ही वायफायची नवी पिढी आणली तरी पत्रा तोच आहे. उलट नवीन यंत्रांचा सगळा भर ज्या ५ आणि ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर असतो, त्यांची अडथळ्यापलीकडे जाण्याची ताकद जुन्या २.४ गिगाहर्ट्झपेक्षा कमीच असते.

आता काम काय आहे ते बघू. एक बॉक्स स्कॅन केला की सर्व्हरकडे जाणारी माहिती अगदी चिमूटभर असते. स्कॅनरला वेग नको असतो, त्याला तुटू न देणारी जोडणी हवी असते. विक्रेता तुम्हाला वेग विकतोय. शिवाय वायफायचा प्रकार दोन्ही टोकांना जमेल तोच ठरतो. स्कॅनर जर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असेल (खालच्या लेबलवर किंवा पुस्तिकेत बघा), तर समोर वायफाय ७ असलं तरी तो आपल्या जुन्याच रीतीने बोलणार. म्हणून पैसे मोजण्याआधी एक कागद घ्या आणि आज वायफायवर काय काय आहे ते लिहून काढा : स्कॅनर किती, कॅमेरे किती, वजनकाट्याचा संगणक, प्रिंटर, सौद्याच्या दिवशीचे व्यापाऱ्यांचे फोन. प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा, की हे दहा सेकंद तुटलं तर काय अडतं. कॅमेरा तुटला तर चित्र थांबेल. स्कॅनर तुटला तर गाडी थांबते. २०१९ मध्ये ही यादी केली असती तर तिच्यात स्कॅनर नसता. तुमचं वायफाय जुनं होण्यापेक्षा तुमचं काम त्याच्या पुढे गेलंय.

मग मोजणी. ती याच दिवसांत करा, चेंबर भरलेलं असताना आणि दार लावून. अनेकजण हंगाम संपल्यावर निवांत वेळ बघून मोजणी करवतात, आणि रिकाम्या गोदामाचा सुंदर अहवाल फाइलला लावून ठेवतात. तो हंगामात काही कामाचा नाही. चेंबरचा नकाशा कागदावर काढा. सिग्नलचा आकडा दाखवणारं एखादं मोफत ॲप स्कॅनरवर टाका. स्कॅनर अँड्रॉइडचा नसेल तर साध्यातला साधा अँड्रॉइड फोन वापरा. मालकाचा महागडा फोन नको, कारण त्याचा अँटेना चांगला असतो आणि तो खोटा दिलासा देतो. पोरगा जसा कमरेपाशी धरतो तसा धरून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, मध्यावर आणि शेवटी आकडा टिपा. हे आकडे उण्यात येतात. उणे ६७ डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास असेल तर निर्धास्त. उणे ७० पर्यंत स्कॅनरचं भागतं. उणे ८० दिसलं तर तिथे जोडणी नावापुरतीच आहे. प्रत्येक ३ अंकांना ताकद निम्मी होते हे लक्षात असू द्या. उणे ६७ आणि उणे ७६ यांत फक्त नऊचा फरक दिसतो, पण उणे ७६ च्या ठिकाणी आठवा हिस्साच पोचतोय.

त्याच जागी उभं राहून दुसरी तपासणी करा. पिंग करणारं, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारं ॲप उघडा आणि आधी आपल्याच राउटरचा पत्ता द्या, बहुधा तो १९२.१६८.१.१ असा असतो. पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. मग बाहेरचा एखादा पत्ता द्या, ८.८.८.८ चालेल. राउटरपर्यंतच उत्तरं रखडत असतील, मधेमधे गायब होत असतील, तर दुखणं वायफायमध्ये आहे. राउटरपर्यंत चटाचट उत्तर येतंय आणि बाहेरच्यापाशी अडतंय, तर इंटरनेटवाल्याला फोन लावा. वायफायला हात लावू नका. ‘नेट गेलं’ या दोन शब्दांत आपण या दोन्ही गोष्टी कोंबतो आणि भलत्याच ठिकाणी पैसा जातो.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती जागोजाग बघते. सिग्नल कमी पडला की तंत्रज्ञ ॲक्सेस पॉइंटची शक्ती शेवटपर्यंत चढवून निघून जातो. स्कॅनरवर दांड्या भरलेल्या दिसतात आणि तरी नोंद जात नाही. कारण ॲक्सेस पॉइंटचा आवाज मोठा झाला, स्कॅनरचा नाही. वरच्या आळीतून कुणी हाक मारावी, ती आपल्याला ऐकू यावी आणि आपण दिलेली ओ मात्र तिकडे पोचू नये, तसं होतं. शिवाय मोठ्या आवाजामुळे पोरगा पहिल्या चेंबरमधून तिसऱ्यात गेला तरी स्कॅनर पहिल्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो. कुठे जोडायचं हे स्कॅनर ठरवतो, ॲक्सेस पॉइंट नाही. शक्ती मध्यम ठेवा, आणि सेटिंगमध्ये १ व २ एमबीपीएस हे जुने रांगते वेग बंद करता येत असतील तर करा. मात्र आधी एका स्कॅनरवर चालवून बघा.

आता माझं मत. सगळं काढू नका. ऑफिसचा ॲक्सेस पॉइंट राहू द्या, फक्त त्याला कंपनीकडून सुरक्षा अपडेट अजून येतात का ते तपासा. बंद झाले असतील तर तेवढा एक बदला. चेंबरमध्ये मात्र आतून सिग्नल हवा. घरगुती किंवा ऑफिसचे ॲक्सेस पॉइंट आत लावू नका. त्यातले बरेच शून्याच्या वरच्या तापमानासाठी आणि कोरड्या हवेसाठी असतात, आणि दार उघडताच बाहेरची दमट हवा आत येऊन त्यांवर पाणी धरतं. बाहेरच्या वापराचा, आयपी ६७ दर्जाचा (धूळ आणि पाणी आत न जाऊ देणारा) घ्या, किंवा यंत्र बोळात ठेवून फक्त अँटेना आत न्या. केबलसाठी पॅनेलला पाडलेलं भोक सीलंटने नीट बंद करून घ्या, नाहीतर पॅनेलच्या पोटात पाणी मुरतं आणि मग खर्च वायफायचा राहत नाही.

केबलकडेही बघाच. ऑफिसमधल्या स्विचवर (सगळ्या केबल जिथे जोडतात ती पेटी) चेंबरकडे जाणाऱ्या केबलच्या पोर्टचा वेग १०० एमबीपीएस दाखवतोय की १०००? १०० दाखवत असेल तर दोन शक्यता : स्विचच जुना आहे, किंवा वायरमनने जॅकमध्ये आठपैकी चारच तारा बसवल्या आहेत. दुसरं कारण आपल्याकडे फार आढळतं आणि जॅक नव्याने क्रिम्प केला की काम होतं. स्कॅनरला १०० पुरेल, पण त्याच तारेवर बरेच कॅमेरे टाकलेत तर कमी पडू शकेल. स्विचपासून शेवटच्या चेंबरपर्यंत केबल १०० मीटरच्या आत ठेवा. बोळ लांब असेल तर मधे स्विच लागेल.

हे सगळं वायफाय ७ च्या अंदाजपत्रकापेक्षा बरंच स्वस्तात होईल. झाल्यावर त्याच नकाशावर, त्याच गल्ल्यांत पुन्हा आकडे टिपा आणि दोन्ही कागद तंत्रज्ञाच्या बिलाला जोडून ठेवा. आकडे सुधारले नसतील तर बिल अडवायला तुमच्या हातात काहीतरी असेल.

प्रश्न : पुण्यात सदाशिव पेठेत आमचं सीए ऑफिस आहे, माणसं बावीस. ३०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं तरी जुलै आणि सप्टेंबरअखेर, नेमकं अकरा ते दीडच्या दरम्यान, पोर्टल उघडत नाही. पोर्टलचा दोष मान्य, पण ऑफिसमधली फाइलसुद्धा उघडायला वेळ लागतो. ६०० चा प्लॅन घ्यावा का?

उत्तर : ऑफिसमधलीच फाइल उघडत नसेल तर ६०० चा प्लॅन घेऊन उपयोग नाही. ती फाइल इंटरनेटवरून येतच नाही.

३०० हा आकडा बाहेरून तुमच्या दारापर्यंतचा आहे. दारापासून टेबलापर्यंत हवेतून येताना एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. आणि सदाशिव पेठेत त्या रांगेत तुमची बावीस माणसंच नाहीत. वरच्या मजल्यावरचा क्लास, शेजारचं दुकान, समोरचं घर असे सगळे त्याच हवेत आहेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. मधलाच ३ किंवा ८ निवडून वाट मोकळी होत नाही, दोन्हीकडचा त्रास वाढतो. संगणक ५ गिगाहर्ट्झवर न्या. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे या पट्ट्याचा मोठा भाग विनापरवाना वापराला मोकळा झाला, त्यामुळे तिथे बरीच जागा आहे. राउटर जुना असेल तर त्याला ते सगळे चॅनेल माहीत नसतील, हे मात्र बघा. चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झवर असेल तर ४० वर आणा, दाटीच्या वस्तीत २० सुद्धा चालेल. वेगाचा आकडा उतरलेला दिसेल, काम सुधारलेलं जाणवेल.

पण खरा सल्ला वेगळा आहे. जे संगणक टेबलावरून हलत नाहीत ते वायफायवर कशासाठी? सर्व्हर, डेस्कटॉप, प्रिंटर आणि स्कॅन करणारं मोठं यंत्र केबलवर घ्या. हवा लॅपटॉप आणि फोनला मोकळी सोडा. पेठेतल्या जुन्या इमारतीत केबल ओढणं कटकटीचं आहे, भिंतीला पट्टी मारावी लागेल, मान्य. एकदाच करायचं काम आहे.

आणि एक वाजता पँट्रीत सगळ्यांचे डबे मायक्रोवेव्हमध्ये जात असतील, तर तोही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो. त्याच्याजवळच्या टेबलाची तक्रार जास्त आहे का, एवढं विचारून बघा.

प्रश्न : ताई नमस्कार. सिन्नरला आमचं मंगल कार्यालय आहे. पाहुण्यांसाठी वायफाय ठेवलंय, पासवर्ड पाटीवर लिहितो. लग्नाच्या दिवशी सकाळी चालतं, दुपारी मात्र फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ म्हणत फिरत राहतो. फोटोग्राफर लग्न थेट दाखवायला घेतो, तेही तुटतं. वऱ्हाडी आमच्यावर चिडतात.

उत्तर : तुमचं वायफाय बंद पडत नाही, त्याच्याकडचे पत्ते संपतात. जोडणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक क्रमांक देतो, आणि साध्या राउटरमध्ये असे शंभर ते अडीचशे क्रमांक असतात. ते दिवसभरासाठी दिलेले असतात. सकाळी हळदीला येऊन गेलेल्या माणसाचा क्रमांक दुपारच्या जेवणापर्यंत अडकून पडलेला असतो. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, सेटिंगमध्ये मुदत एका तासावर आणा. किती पत्ते वाटायचे ते ठरवणारा सबनेट मास्क २५५.२५५.२५२.० करता येत असेल तर हजारभर पत्ते मिळतात. पत्ते वाढवलेत म्हणून एकच राउटर पाचशे फोन ओढणार नाही. माझा अंदाज असा की एका ॲक्सेस पॉइंटवर तीस-चाळीस फोन खरोखर वापरात असले की तो दमायला लागतो. जेवणाच्या हॉलला, मांडवाला आणि खोल्यांना वेगळे ॲक्सेस पॉइंट लागतील. गर्दीत माणसांची शरीरंही सिग्नल अडवतात, म्हणून ते डोक्यांच्या वर, छताला लावा.

फोटोग्राफरला वायफाय देऊच नका. स्टेजपाशी एक केबलचा पॉइंट काढून ठेवा. थेट प्रक्षेपणाला माहिती वर चढवण्याचा वेग लागतो आणि तो पाहुण्यांच्या हाती सोडायचा नसतो. पाहुण्यांचं जाळं वेगळं करा, प्रत्येक फोनला वेगाची मर्यादा घाला, आणि ऑफिसचा संगणक, कॅमेरे, बिलाचं यंत्र त्यापासून पूर्ण तोडा.

पाटीवरच्या पासवर्डबद्दल गंभीरपणे बोलते. तुमच्या जोडणीवरून कुणी फसवणुकीचा उद्योग केला तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात, कारण बाहेरून दिसतो तो पत्ता तुमचा असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी कंपन्यांसह अनेक संस्थांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं आहे. ते तुमच्या संस्थेला कसं लागू होतं हे तुमच्या वकिलांना विचारा. पाहुण्याने मोबाइल क्रमांक टाकून, ओटीपी देऊन आत यायचं, अशी सोय असलेली यंत्रणा घ्या. लग्नघरच्या मंडळींना याचा राग येत नाही, हल्ली सगळीकडे असंच असतं.

प्रश्न : मालवणला घरगुती खानावळ आणि चार खोल्या आहेत. जुनं चिऱ्याचं घर, भिंती जाड. तीन रिपीटर लावले तरी मागच्या खोल्यांत रेंज नाही. चौथा लावू?

उत्तर : नको. साधा रिपीटर ऐकतो त्याच हवेत पुन्हा बोलतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. तीन टप्प्यांनंतर काय उरणार? चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडायचं जिवावर येतं हे समजते, तर केबल पडवीच्या वाशांवरून, पन्हळीच्या आतून मागे न्या आणि तिथे एक ॲक्सेस पॉइंट लावा. केबल बाहेरच्या वापराची घ्या, उन्हात आणि खाऱ्या हवेत साधी केबल तडकते. तीनही रिपीटर काढून ठेवा, ते चालू असले तर नव्याच्या वाटेत येतील.

प्रश्न : सोलापुरात माझा अस्थिरोग दवाखाना आहे. वायफायचा पासवर्ड उघडल्यापासून, म्हणजे २०१६ पासून तोच आहे. सोडून गेलेल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना आणि बऱ्याच रुग्णांना तो माहीत आहे. एक्स-रेचा संगणकही त्याच वायफायवर आहे. वेगाची काही तक्रार नाही. तरी बदलावं का?

उत्तर : डॉक्टर, तक्रार नसलेलं तुमचं एकच पत्र आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्याच पत्राची वाटली. वायफाय गरजेला पुरतं का, या प्रश्नात वेग हा एक भाग. त्यावरून कोण कुठपर्यंत पोचू शकतं हा दुसरा, आणि तुमच्याकडे प्रतीक्षाकक्षातल्या बाकावर बसलेला माणूस एक्स-रेच्या संगणकाच्या दारापर्यंत पोचू शकतो.

पासवर्ड आजच बदला. मग पाहुण्यांचं जाळं वेगळं काढा, ही सोय बहुतेक राउटरमध्ये असते. राउटर २०१६ चाच असेल तर तो बदला, इथे मी जराही थांबायला सांगणार नाही. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीतली एक मोठी फट उघड झाली. ती अपडेटने बुजते, पण जुन्या यंत्रांना ते अपडेट मिळालंच असेल असं नाही. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ पद्धत असलेला राउटर घ्या.

एक्स-रेच्या संगणकावर जुनं विंडोज असेल आणि यंत्राची कंपनी ते बदलू देत नसेल. तसं असेल तर त्याचं वायफाय बंद करून केबल लावा, त्याचा इंटरनेटशी संबंध तोडा, आणि चित्रांची प्रत रोज वेगळ्या डिस्कवर जाऊ द्या. हे उत्तर तुम्हाला टपालानेही पाठवलं आहे. अंक हातात पडेपर्यंत थांबू नका.